आखूड ‘शे’

जळगाव,
९ फेब्रुवारी २०२५

सौ. विहीणबाईंना जळगावहून भाईदासचा रामराम.

पत्र बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईनं विचारलं, “आजोबा, कुणाला नोटीस पाठवायची का?” म्हटलं, नाही हो, विहिणीला पत्र लिहायचंय. तिनं अशी काही नजर टाकली की मी तिकीट उलटं चिकटवून आलो.

पण लिहिण्यासारखंच घडलं आहे. परवा मी तुमच्या मोबाइलवर फोन लावला, आणि तो मीच उचलला.

हसू नका. माझा नंबर आमच्या डिंपलनं, तुमच्या सुनेनं, स्वतःच्या फोनात बंद करून ठेवलाय, तुमच्याही फोनात तिनंच बंद केला असणार. म्हणून मी वना चहावाल्याचा फोन मागून घेतला. दोनदा घंटी गेली आणि पलीकडून दणका आला, “हां बोला, भाईदास पाइपवाले! लवकर बोला, गिऱ्हाईक उभं आहे!” आवाज माझा. मधला खोकला माझा. ‘गिऱ्हाईक’ म्हणताना मी नाकातून एक सूर काढतो ना, तोसुद्धा माझा. वनाचा फोन चहात पडला.

वना म्हणाला, “कोण होतं, नाना?”

म्हटलं, “मीच होतो.”

“मंग घरीच बोलून घ्यायचं ना. माझा फोन कशाला बुडवला?”

घरी जाऊन आधी सगळ्या खोल्या पाहिल्या. मी कुठंच नव्हतो.

बाकी इथं सगळं झकास. पाइपांचं दुकान विकलं. घर मोठं आहे, एका खोलीतून ओरडलं तर दुसऱ्या खोलीत चहा करून येईपर्यंत आवाज फिरत असतो. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला मी उत्तरं देतो. तिला अजून कळलेलं नाही.

आता कामाचं. माझी लता वारल्यापासून नऊ वर्षं डिंपल या घरी आलेली नाही, माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. असं काय आभाळ कोसळलं होतं? घरात थोडी चेष्टामस्करी चालायची, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती मनाला लावून घेते, आईवर गेली आहे. यंदा अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, तिला माहेरी पाठवा. अंगणातल्या निंबाला झोका बांधतो. नात भूमिका तर मला तोंडानंही ओळखत नसेल.

आणि तुमच्या घरात दुसरा भाईदास कोण ठेवलाय, तेही कळवा.

आपला,
भाईदास


दोंडाईचा,
२१ फेब्रुवारी २०२५

व्याहीभाऊंना बेबाबाईचा रामराम.

पत्र मिळालं. तिकीट खरंच उलटं होतं, पोस्टमननं गल्लीभर दाखवलं.

फोन करू नका. मागं एकदा केला होतात. मी विचारलं, “कोन बोलतंय?” तर पलीकडून माझ्याच आवाजात “कोन बोलतंय?” मी घाबरून गॅस बंद केला आणि देवापुढं दिवा लावला. यापुढं लिहीतच जा. कागदाला आवाज नसतो, तुमच्यासारख्याला तेच बरं. आणि तुमचा फोन तुम्हीच उचललात, त्याचं मला काही ठाऊक नाही. म्हातारपणी माणसाची स्वतःशी गाठ पडते म्हणतात.

‘थोडी चेष्टामस्करी’ असं लिहिलंत. मग मीच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढं दोघांना सोपं जाईल.

डिंपलच्या लग्नात आमचे हे मंडपात चार शब्द बोलायला उठले. ते बोलताना अडखळतात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. तुम्ही त्यांच्या हातातून माईक घेतला आणि त्यांच्यासारखंच अडखळून दाखवलंत. मंडप हसला, हेही हसले. मग पंगतीत बसले आणि बुंदीचा एक दाणा तोंडात घातला नाही. ते राहू द्या. आमचा मान दुखतो आणि बराही होतो.

लताबाई आमच्या शिंदखेड्याकडच्या. बोलणं आमच्यासारखंच, खान्देशी. तुम्ही जळगावात मोठे झालात, बंगला बांधलात, आणि चार माणसं जमली की बायकोचं बोलणं करून दाखवायला लागलात. त्या ‘आहे’ला ‘शे’ म्हणाल्या की सगळी बैठक ‘शेऽऽ’ म्हणून हेल काढायची. आधी त्या पाहुण्यांपुढं बोलेनाशा झाल्या, मग घरातही. शेवटच्या वर्षी एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, “मन्हं पोट दुखी राहिनं.” तुम्ही तेही करून दाखवलंत, पोट धरून. माणसं हसली. त्यांनी ते परत कधी म्हटलं नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

डिंपलनं हे मला एकदाच सांगितलं, कणीक मळताना. ती कणीक इतकी मळली गेली की त्या दिवशीच्या पोळ्यांतून आरपार दिसत होतं.

आखाजीचं मी तिला विचारलेलं नाही. आधी तुमची परीक्षा. आजपासून आखाजीपर्यंत नकलेचा उपास धरा. माणसाची नाही, जनावराची नाही, कुकरच्या शिट्टीचीसुद्धा नाही. मोडलात तर खरं लिहा.

बेबाबाई


जळगाव,
७ मार्च २०२५

विहीणबाईंना रामराम.

एकादश्या केल्या, श्रावणी सोमवार केले. ते सगळे साबुदाण्याच्या खिचडीवर निभावले. हा पहिला उपास ज्यात खायला काहीच नाही!

पहिल्याच दिवशी धुरपदाबाई भाजीवाली दारात. ती ओरडते, “वांगे घ्या हो, भरताचे वांगेऽ!” मी आतून तसंच ओरडतो, मग ती शिवी घालते, मग मी वांगी घेतो, असा आमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार. त्या दिवशी मी नुसता म्हणालो, “अर्धा किलो द्या.” ती पाटी खाली ठेवून जवळ आली. “नाना, मुलीले कळवलं का?” दोन किलो वांगी ओट्यावर ठेवून डोळे पुसत गेली. तीन दिवस भरीत खाल्लं.

संध्याकाळी चंपालाल सराफ डॉक्टर घेऊनच आला. “भाईसाब, तबियत तो ठीक है ना?” त्याचा ‘भाईसाब’ मला इतका हुबेहूब येतो की त्याची बायको राजकुंवर एकदा मलाच जेवायला वाढून मोकळी झाली होती. जिभेला नुसतं पाणी सुटलं. मी जिभेखाली लवंग धरली आणि गप्प बसलो. डॉक्टरनं जीभ बाहेर काढायला लावली. लवंग निघाली. मग त्यानं चंपालालला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं.

एकदा मोडला. खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. शेजारची बकरी माझ्याकडे बघून ओरडली, मी उत्तर दिलं. पण सुरुवात तिनं केली होती.

एक गंमत सांगतो. माझ्या ओट्यावर रोज संध्याकाळी माणसांचा बाजार भरायचा. वाटायचं, केवढा हा आपला गोतावळा! उपास धरला आणि ओटा मोकळा झाला. ते माझ्याकडे येतच नव्हते, विहीणबाई. मी ज्यांच्या नकला करायचो, त्यांना भेटायला यायचे.

सायकलला पाइपांचं भेंडोळं अडकवून यावलच्या केळीच्या मळ्यांत फिरायचो, तेव्हा मळेवाल्याशी मळेवाल्यासारखं बोलायचो आणि पेढीवरच्या शेठजींशी शेठजींसारखं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं कानानं शिकलो. धंदा त्या कानावर उभा राहिला. दुकान बंद केलं की घरी येताना कानही बंद करायचे असतात, हे कोणी सांगितलं नाही. काल ओट्यावर एकटाच होतो, म्हटलं आपल्या स्वतःच्या आवाजात काहीतरी बोलून पाहावं. कोणता तो, लवकर सापडेना.

लताबद्दल लिहिलंत ते वाचलं. त्याला उत्तर देईन. आज नाही.

मात्र फोनचं कोडं सुटलं! ते चुडामणभाऊ होते ना? मंडपातला हिशेब चुकता केला! त्यांना म्हणावं शाब्बास, खोकला तर माझ्यापेक्षा सरस. आणि हो, मला राग नाही.

आपला उपाशी व्याही,
भाईदास


दोंडाईचा,
१९ मार्च २०२५

व्याहीभाऊंना रामराम.

बकरीचा गुन्हा माफ.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “मला माझं वाक्य पुरं होत नाही, त्यांचं कुठून करू!” आणि हसता हसता असा ठसका लागला की पाठीत बुक्के घालावे लागले.

मागं ठाऊक नाही म्हटलं, ते मुद्दाम लपवलं होतं; तो आवाज तुमच्या नातीचा, भूमिकाचा. फोनवर अनोळखी नंबर आला की ती तुम्ही होऊन उचलते. जाहिरातवाली पोरं दुसऱ्यांदा फोन करत नाहीत. धुळ्याला शाळांच्या स्पर्धेत तिनं ‘जळगावचे एक दुकानदार’ करून दाखवले आणि पहिला नंबर आणला. स्टीलचा डबा मिळाला. तुमच्या आवाजाच्या त्या डब्यात आता शेंगदाणे भरलेत.

तुम्ही विचाराल, पोरीनं मला पाहिलं कधी? नाहीच पाहिलं. ती शिकली आईकडून.

आता बसून वाचा. डिंपल रोज तुमची नक्कल करते. डाळ पातळ झाली की, “हे वरण आहे का ठिबकचं पाणी?” आमच्या ललितला उठायला उशीर झाला की, “जावईबापू, दुकान उघडा, सूर्याला दुसरीकडं पण जायचंय!” आम्ही सगळे हसतो, हे सगळ्यांत जास्त हसतात. नऊ वर्षं तुम्ही आमच्या पंगतीला आहात. फक्त तुम्हाला वाढलं जात नाही.

पण म्हणून ती विरघळली असं समजू नका. धुळ्याहून आल्यावर भूमिकानं विचारलं, “मम्मी, आता आजी कर ना. आजी कशी बोलायची?” डिंपलच्या हातात पळी होती. तिनं तोंड उघडलं. आणि आलं काय, तर लांबलचक ‘शेऽऽ’. तुमचा. बैठकीत हशा पिकवणारा. तिनं परत केलं, परत तोच. पळी कढईत टाकून मागच्या खोलीत गेली.

तिच्या कानात आई उरलेली नाही, व्याहीभाऊ. तुम्ही केलेली आईच उरली आहे. मोबाइलमध्ये त्यांचा आवाज नाही, कुठं नाही. आणि शेवटची काही वर्षं तर लताबाई बोलतच नव्हत्या.

मला या पत्राच्या उत्तरात गंमत नको. एकच सांगा. तुमच्याकडं त्या आहेत का?

बेबाबाई


जळगाव,
२ एप्रिल २०२५

विहीणबाईंना रामराम.

आहे.

पण नासवून ठेवलेली. ती गेल्यावर या घरात मी अनेकदा तिच्यासारखं बोलून पाहिलं, हसण्यासाठी नाही, नुसतं. दर वेळी शेवटाला तो हेल यायचाच. हात मोडला आणि वाकडा बसला तर कसं होतं, तसं. मग बोलून पाहणंच सोडलं.

तुमच्या उपासानं एक झालं. करायची बंदी, म्हणून नुसता ऐकत बसतो. डोळे मिटून, आतल्या आत. काल ऐकू आलं. लताचं ‘शे’ लांब नव्हतंच. आखूड होतं. पाटावर वाटी ठेवावी तेवढंच. हेल माझा होता. लोक हसायचे ते माझ्या हेलाला, तिच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतंच.

दुकानातल्या त्या दिवसाबद्दल तुम्ही लिहिलंत. तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, डिंपललाही नाही. मी पोट धरून ते करून दाखवलं तेव्हा सगळ्यांबरोबर लताही हसली. मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो की ती हसली, म्हणजे फार दुखत नसेल. पण माझा कान कसा आहे, तुम्हाला माहीत आहे. ते हसू खोटं होतं. मला ऐकू आलं होतं, विहीणबाई. तेव्हाच ऐकू आलं होतं. आणि मी गिऱ्हाइकाला पाइप मोजून दिला.

हे डिंपलला दाखवायचं तर दाखवा.

निंबाला झोका बांधून ठेवलाय. बकरी त्यात बसते. मी तिच्याशी काहीही बोललेलो नाही.

भाईदास


दोंडाईचा,
१७ एप्रिल २०२५

व्याहीभाऊंना रामराम.

पत्र दाखवलं. वाचलं, घडी केली, पदराला बांधलं आणि कैऱ्या फोडायला बसली. त्या दिवशी कैऱ्यांची खैर नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, “मुराळी आला तर आखाजीला जाशील का?” उत्तर तुमच्या आवाजात मिळालं, “बघू. गिऱ्हाईक उभं आहे.” मी म्हटलं, तुझ्या आवाजात सांग. ती म्हणाली, “न्यायला भाऊ येतो, मला भाऊ कुठंय?” मी म्हटलं, बाप चालेल का? तर म्हणाली, “बोलला नाही तर चालेल.”

तेव्हा आखाजीच्या आधीच्या सोमवारी या, तोंड बंद ठेवून. मुराळ्याचा मान म्हणून जेवायला खापरावरचे मांडे करते, ते खायला तोंड उघडलं तर चालेल. टोपी घाला. आणि लवंग आणा, लागेल.

बेबाबाई


जळगाव,
१ मे २०२५

विहीणबाईंना रामराम.

पोचलो. मांड्यांनी अजून पोट तट्ट आहे.

तुमच्या दारात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. तरी लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी टोपी घालून, जिभेखाली लवंग धरून उभा. डिंपलनं दार उघडलं. खालून वर पाहिलं. आणि म्हणाली, “हां बोला, भाईदास पाइपवाले! लवकर बोला, गिऱ्हाईक उभं आहे!”

मला वाटलं सगळे हसतील. कोणी हसलं नाही. मी पहिल्यांदाच स्वतःला समोरून ऐकलं. त्या बोलण्यात दुसऱ्याला शिरायला फट नाही हो, विहीणबाई. लवकर बोला म्हटलं की माणसाला काहीच सुचत नाही, हे मला या वयात कळलं. मग चुडामणभाऊ ओट्यावरून म्हणाले, “सावकाश बोला, व्याहीभाऊ, आम्हाला घाई नाही.” ते वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. मी ते पुरं ऐकलं. त्यांना सांगा, मंडपातलं ऐकायचं राहिलेलं भाषण पुढच्या खेपेला ऐकेन. माईक त्यांच्याच हातात राहील.

गाडीत डिंपल खिडकीशी बसली ती जळगाव येईपर्यंत बाहेरच बघत. भूमिकानं मात्र अख्खा डबा डोक्यावर घेतला. चहावाला झाली, टीसी झाली, समोरच्या बाईचं घोरणं झाली. ती बाई जागी होऊन म्हणाली, “कोन घोरतंय वं?” मी टोपी तोंडावर ओढून घेतली. पोटात माझ्या एवढं हसू कोंडलं होतं की अमळनेरला वाटलं उतरून हसून यावं!

घरी गल्ली जमली. धुरपदाबाईनं डिंपलला मिठीत घेतलं, “वेळेवर उनी वं माय,” आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी अजून जिवंत आहे याची मला लाजच वाटली.

काल आखाजी. डिंपलनं लताच्या नावानं पितरांची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, हळदकुंकू लावलं. मी बाजूला बसलो होतो. घरात आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती, माझ्या आवाजातही नाही. घागरीपुढं हात जोडून झाले आणि तशीच, माझ्याकडं न बघता म्हणाली,

“नाना, आई कशी बोलायची?”

स्वतःच्या आवाजात. तो आवाज मी विसरलो नव्हतो, तेवढं माझं नशीब.

म्हटलं, “माझा उपास आहे. आखाजीपर्यंत.”

“आज आखाजीच आहे.”

मी लवंग काढली. पन्नास वर्षं लोकांपुढं करत आलो, घागरीपुढं पहिल्यांदाच. लता दुपारी निंबाखाली बसायची, आणि शाळेतून येणाऱ्या डिंपलला ‘इथं’ सावलीत बोलवताना जे म्हणायची, तेवढंच म्हटलं.

“आठे सावली शे. बस.”

एवढंच. आखूड. हेल आला नाही.

डिंपल म्हणाली, “परत.” मी परत म्हटलं. “परत.” असं किती वेळा झालं, मोजलं नाही. मग ती उठली, निंबाखाली गेली आणि बसली.

तिनं मला माफ केलं का, ते विचारू नका. मी विचारलं नाही. रविवारी ती परत येते आहे तुमच्याकडं, मुराळी मीच. पुढच्या आखाजीचं ती काही बोललेली नाही. माझा नंबर अजून बंद आहे. मला घाई नाही.

आज सकाळी मी ओट्यावर बसून हे लिहीत होतो. भूमिका झोक्यावर होती, बकरीला हाकलून. उंच झोका घेत ओरडली, “आठे सावली शेऽऽ! बस!” अगदी माझ्यासारखी.

डिंपल आतून आली आणि तिनं झोका धरला.

“लांबवू नको,” ती म्हणाली. “आजीचं आखूड होतं.”

आपला,
भाईदास